मेंढी खोटं बोलत नाही

मोठीमायची घोंगडी आता माझ्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर घडी करून ठेवलेली आहे. घरी येणारं प्रत्येक माणूस दारातच नाक आक्रसतं आणि म्हणतं, "ताई, हिला अजून मेंढ्यांचा वास येतो, उन्हात तरी टाका." मी हो म्हणते आणि टाकत नाही. मला तो वास येत नाही. तोच काय, कुठलाच येत नाही. सतराव्या वर्षी साखऱ्याच्या रस्त्यावर सांडला तो पुन्हा भरून आला नाही. मोठीमाय या माघात गेली. घोंगडीला अजून तिच्या कळपाचा वास आहे हे मला लोकांच्या तोंडूनच कळतं, म्हणून पाहुण्यांना मी मुद्दाम त्या कपाटाजवळच्या खुर्चीवर बसवते. त्यांनी नाक आक्रसलं की मला बरं वाटतं.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची बायको. चुलते मी पाहिले नाहीत. त्यांच्यामागे त्यांचा कळप तिने हाती घेतला आणि माझे वडील, बापू, शेताकडे बघू लागले. घर गावाच्या कडेला होतं, पत्र्याचं, पुढे मेंढरं कोंडायचं, बोराटीच्या काट्यांचं वाडगं. आमच्या घरात सकाळ कोंबड्याने होत नसे, कोकरांनी होई. माझा भाऊ बालाजी, म्हणजे दादा, म्हणायचा, "शेतात बापू, घरात माय, आन् दोघांच्या डोक्यावर मोठीमाय." मी बारावीला हिंगोलीच्या वसतिगृहात होते आणि सतत वाचत असे. घरात ते एखाद्या खोकल्यासारखं समजलं जाई. लेकराला आहे, जाईल हळूहळू.

त्या दिवशी दादा मला हिंगोलीहून घरी आणत होता. मोटारसायकल जुनीच, पण त्याच्यासाठी नवी. मागे मी एका बाजूला पाय सोडून बसलेली आणि मांडीवर उघडं पुस्तक. चालत्या गाडीवर मी वाचत होते, आणि याबद्दल गावाने मला अजून माफ केलेलं नाही. एका हाताने सीटमागची कडी धरायची, दुसऱ्याने पुस्तक. पान उलटायचं तर कडी सोडावी लागे. साखऱ्याच्या अलीकडे कुणीतरी रस्त्यावर मुरूम टाकून गतिरोधक केला होता. तो आला तेव्हा मी पान उलटत होते.

दादा तेव्हा मला नुकत्याच पाहून आलेल्या मुलीबद्दल सांगत होता. मी पडल्यावरही तो साखऱ्याच्या थांब्यापर्यंत सांगतच गेला. रंग, उंची, हातची भाकर, सगळं सांगून झाल्यावर त्याने विचारलं, "मंग? तुला कसं वाटतं?" उत्तर नाही. मी पुस्तकात असले की उत्तर देत नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याला राग आला. "न्हाई बोलायचं तं नको बोलू," असं म्हणून तो आणखी थोडं पुढे गेला. पानटपरीवाल्याने विचारलं, "आज एकटाच का रं?" तेव्हा त्याने मागे वळून पाहिलं. हे तो आता हसून सांगतो. पण सांगताना त्याचा हात पाठीमागे जाऊन रिकामी जागा चाचपतो, आणि ते त्याच्या लक्षात येत नाही. ती मुलगी आता माझी वहिनी आहे. तिच्याबद्दलचं माझं मत त्याला अजून मिळालेलं नाही.

पुढचं मला आठवत नाही, ऐकून माहीत आहे. नांदेडच्या दवाखान्यात नऊ दिवस मी शुद्धीवर नव्हते. कवटीखाली साचलेलं रक्त काढायला डोक्याला भोक पाडलं होतं, केस भादरले होते. दहाव्या दिवशी मी डोळे उघडले, बापूंकडे पाहिलं आणि विचारलं, "सर, तास संपला का?" बापू आयुष्यात चौथीच्या पुढे शाळेत गेले नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं, "व्हय, संपला." मग ते बाहेर व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

डॉक्टर भला माणूस होता. तो म्हणाला, "हाड जुळतं ते फोटोत दिसतं. मेंदूचं दिसत नाही. सहा महिने लागतील, वर्ष लागेल. कुणाचं सगळं परत येतं, कुणाचं थोडं राहून जातं. गोंगाट नको, दगदग नको, आणि रोज एकच लहानसं काम करू द्या." घरी परतताना जीप वारंगा फाट्यावर थांबली. दादाने खिचडी आणली. सगळे म्हणत होते, काय वास सुटलाय. मी प्लेट नाकापाशी नेली, आणि मला वाटलं माझी प्लेट वेगळ्या कढईतली आहे.

घरी आल्यावर पहिले दोन महिने मी कुणालाच आवडले नसते. भाकरीला मी वही म्हणायचे, वहीला दार. वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात विसरायचे. दादाने रस्त्यावरून माझं पुस्तक शोधून आणलं होतं. त्याच्या पुठ्ठ्यावर कुठल्याशा टायरची नक्षी उठली होती. उलटता उलटता राहिलेलं ते पान मी महिनाभर वाचत होते. प्रत्येक वेळी ते मला नवं वाटायचं, त्यामुळे कंटाळा मात्र आला नाही. माय माझ्यासाठी झणझणीत येसर मसाला घालून कालवण करायची, मी ते मुकाट्याने खायचे. एकदा भाकरी करपली तीही मी तशीच खाल्ली. मायला आधी वाटलं पोरगी शहाणी झाली. मग कळलं की हिला करपल्याचा पत्ताच नाही, तेव्हा ती चुलीपुढे तोंड फिरवून बसली.

सगळ्यात वाईट संध्याकाळ असायची. कळप रानातून यायचा, सडाला दूध दाटलेल्या मेंढ्या ओरडायच्या, आणि वाडग्यात दिवसभर कोंडलेली कोकरं त्यांना उत्तर द्यायची. लहानपणापासून ऐकलेला आवाज, पण आता तो डोक्यात दाभणासारखा घुसायचा. मी कानात कापूस घालून, वरून मोठीमायची घोंगडी पांघरून आतल्या कोपऱ्यात बसायचे. एका संध्याकाळी माय चहा घेऊन आली. काय झालं कोण जाणे, मी पितळी तांब्या उचलून तिच्या अंगावर फेकला. तो तिच्या खांद्याला लागला. माय ओट्यावर जाऊन म्हणाली, "हे माहं लेकरू न्हाई. माहं लेकरू असं नव्हतं." मला ते आत ऐकू आलं, आणि तेही दोन मिनिटांत विसरून जावं असं मला फार वाटलं. नेमकं तेच लक्षात राहिलं.

मोठीमायने काठी भिंतीला टेकवली. "लेकरू तेच हाये," ती म्हणाली. "वाट चुकून राहिलं. येईल. कळपातलं येतं, हे न्हाई येणार का?"

बघायला येणाऱ्यांची कमी नव्हती. वाचून वाचून डोकं फुटलं, हा गावाचा निकाल होता, आणि त्यात अगदीच खोटं होतं असं मला म्हणता येत नाही. हट्टा गावच्या मावशी येऊन दोन दिवस राहिल्या. जाताना मायला म्हणाल्या, "लगीन करून टाका पोरीचं. लगीन झालं की डोकं आपसूक जाग्यावर येतं."

"व्हय का," मोठीमाय म्हणाली. "मंग तुहं काहून न्हाई आलं अजून?"

मावशी पुढे चार वर्षं आमच्याकडे आल्या नाहीत.

पौष उजाडता उजाडता वसतिगृहाचा निरोप आला. परीक्षेचा फॉर्म सरांनी भरून ठेवला होता, पण संक्रांतीनंतरही मी आले नाही तर माझी कॉट दुसऱ्या मुलीला जाणार होती. मला जायचं होतं. बाकी काही धड कळत नसलं तरी एवढं कळत होतं की ही कॉट गेली की मग मावशींचा सल्ला उरतो. बापूंनी निरोप दोनदा वाचला आणि घडी घालून टोपीत ठेवला. "डोकं नीट झाल्याबिगर हिंगोली न्हाई," ते म्हणाले. "तिथं चक्कर आली, तांब्या दुसऱ्याच्या पोरीला लागला, मंग?"

"नीट झालं हे कसं कळायचं?" दादाने विचारलं.

मी म्हणाले, "मी बरी आहे." त्या वेळी माझ्या पायात एक माझी आणि एक दादाची चप्पल होती.

"हिला इचारून काय करता," मोठीमाय म्हणाली. "हिला जायचं हाये, ही व्हयच म्हणणार. माणूस खोटं बोलतं. मेंढी खोटं बोलत न्हाई. कोकरं हिला पाजू द्या. एका सांजेला सगळीच्या सगळी बराबर ज्याच्या त्याच्या मायला लावली, तं डोकं नीट. मेंढीनं एक जरी ढकलून देलं, तं बस घरी."

ज्यांच्या घरी मेंढरं नाहीत त्यांना हे सांगावं लागेल. संध्याकाळी कोकरं एकदम मोकळी सोडत नाहीत. सोडली तर दांडगी असतात ती दोन-दोन मेंढ्यांना लुचतात आणि दुबळी उपाशी राहतात. म्हणून वाडग्यातून एकेक कोकरू उचलायचं आणि गर्दीतून त्याच्याच आईपाशी न्यायचं. मेंढी त्याच्या शेपटाशी हुंगते. आपलं असेल तर उभी राहते, नसेल तर डोक्याने उडवते. त्या हिवाळ्यात सव्वीस कोकरं होती. मोठीमायला ती पाठीमागूनही ओळखू यायची. हेच माझं लहानसं काम ठरलं. बापूंनाही पटलं. "बराबर हाये," ते म्हणाले, "मेंढीचा भरवसा." भोगीच्या संध्याकाळी परीक्षा ठरली.

पहिल्या दिवशी माझी चार बरोबर आली, त्यातली दोन तर मेंढ्यांनीच माझ्याकडून हिसकावून घेतली. बाकीच्यांनी कोकरं उडवलीच, शिवाय एक-दोघींनी मलाही. शिकलेल्या मुलीला जे सुचतं ते मला सुचलं: मी वही केली. डावा कान पांढरा, काळतोंडीचं. कपाळावर ठिपका, कानतुटीचं. एका हातात कोकरू, दुसऱ्या हातात वही, अशी मी कळपात हिंडायचे. मोठीमाय काठीवर हनुवटी टेकून बघायची. "असू दे असू दे," ती म्हणायची, "बोर्डाच्या परीक्षेलाबी अशीच कॉपी करजो." चौथ्या दिवशी आमच्या एका शेळीने ती वही, पुठ्ठ्यासकट, खाल्ली. मोठीमाय दोन हातांच्या अंतरावर बसली होती. तिने शेळीला हाकललं नाही. वही संपल्यावर म्हणाली, "आता तिला सगळं पाठ झालं. तुहं काय?"

मग मला ऐकावं लागलं. दुसरा इलाजच नव्हता. अंधारून आलं की ठिपके दिसत नसत. कापूस काढून मी वाडग्याच्या तोंडाशी बसायचे. आधी थोडा वेळ, मग जास्त. डोकं ठणकायचं, मग मोठीमाय आत पाठवायची. कधीतरी एका संध्याकाळी त्या गोंगाटातून एक हाक सुटी झाली. काळतोंडीची. खालच्या सुरात, जरा चिडकी. आणि वाडग्यातून एका कोकराने तिला उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी तीन हाका सुटल्या. आवाज तेवढाच होता, पण तो आता दाभणासारखा घुसत नव्हता, त्याला नावं फुटत होती. माणसांची नावं मला अजून सापडत नव्हती तेव्हा मेंढ्यांची सापडू लागली. माझ्या तोंडून भाकरीला भाकरी निघालं तेही त्याच आठवड्यात. माय ताट तसंच ठेवून बाहेर पळाली आणि वाटेल त्याला सांगत सुटली की पोरगी भाकर म्हणाली.

चोवीस कोकरं जमली. दोन जमेनात. आमच्याकडे थोरली भुरी आणि धाकली भुरी अशा दोन बहिणी होत्या, अंगाने, आवाजाने सारख्या. त्यांची कोकरंही तशीच भुरकट, शेपटीला पांढरा गोंडा. रोज मी त्यांची अदलाबदल करायचे आणि रोज दोन्ही भुऱ्या माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही कोकरांना उडवायच्या. भोगीला आठ दिवस राहिले होते. त्या आठवड्यात मोठीमायने भुऱ्यांना रानात पाठवलंच नाही, कडब्याच्या गंजीआड बांधून ठेवलं. "खूर दुखून राहिलं," म्हणाली. त्यांची कोकरंही तीच दुपारी पाजायची, माझ्यापर्यंत संध्याकाळी येऊच द्यायची नाही. एका मेंढीचं खूर दुखतं तर दोघींना का बांधायचं, हे मी विचारलं नाही. तेव्हा मला दिवसाला एखादाच प्रश्न झेपत असे. त्याच आठवड्यात बापू सेनगावच्या बाजारातून खडेमिठाचा पुडा घेऊन आले आणि माय त्यांच्यावर करवादली, "घरात मीठ हाये की, कशाला आणून राहिले?" बापू म्हणाले, "असू दे, लागतं." एवढ्या बारीक गोष्टी मला कशा आठवतात, असं तुम्ही विचाराल. ज्याचं एकदा सांडलंय तो नंतर सगळं चिमटीने वेचतो.

भोगीला मायने तीळ लावून बाजरीच्या भाकरी केल्या होत्या. मला तिळाचा वास नाही, पण त्यांचं तव्यावर तडतडणं ऐकू आलं. संध्याकाळी बापू वाडग्यापुढे पालथ्या टोपल्यावर बसले. दादा कुंपणाला टेकून उभा. माय पिठाच्या हातांनी दारात. मोठीमाय मेंढ्यांत. मी कोकरं उचलत गेले. काळतोंडी, कानतुटी, एकेक मेंढी हुंगायची आणि उभी राहायची. मध्ये एकदा मला भोवळ आल्यासारखं झालं. मी कोकराच्या अंगात तोंड खुपसून उभी राहिले, त्याच्या काळजाचं धडधडणं माझ्या कानाला लागलं, आणि पुन्हा चालू लागले. शेवटी दोन राहिली. दोन्ही काखांत दोन, पांढऱ्या गोंड्यांची. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिघांनाही काही सुचेना. मग मी डाव्या हातातलं थोरलीपाशी ठेवलं आणि उजव्या हातातलं धाकलीपाशी.

थोरल्या भुरीने हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग पाय जरा फाकवून उभी राहिली. धाकलीने एकदा मोठीमायकडे पाहिलं आणि तीही उभी राहिली. कोकरांची शेपटं हलू लागली. बापू चटकन उठले, आमच्याकडे पाठ केली आणि "चहा ठेवा" म्हणत घरात गेले. माय तिथेच उंबऱ्यावर बसली आणि पिठाच्या हातांनीच तिने डोळे पुसले. संक्रांतीचा तिळगूळ तिने पांढऱ्या भुवयांनीच सगळ्यांना वाटला असं दादा सांगतो, पण दादा एकदा सांगत सुटला की मागे वळून बघत नाही, हे आधी आलंच आहे.

निघायच्या दिवशी सकाळी मोठीमायने दोन्ही भुऱ्यांची कोकरं मोकळी सोडली. मी पिशवी घेऊन उभी होते. भोगीच्या संध्याकाळी मी थोरलीला दिलं होतं ते कोकरू उड्या मारत धाकलीकडे गेलं, आणि दुसरं थोरलीकडे. म्हणजे मी चुकले होते. चुकले होते, आणि दोन्ही मेंढ्या खोटं बोलल्या होत्या. असं होत नसतं. मी मोठीमायकडे पाहिलं. ती धारेचं भांडं घासत होती. "गाडी चुकंल," ती म्हणाली. मी गेले.

बारावीला मी दोन विषयांत नापास झाले. बोर्डाला भुऱ्यांइतकी माया नव्हती. ऑक्टोबरात ते दोन सुटले, पुढे पदवी झाली, आणि आज मी हिंगोलीच्या एका शाळेत भूगोल शिकवते. मुलांची नावं विसरते, खिशात चिठ्ठ्या ठेवते, संध्याकाळी थकले की शब्द पुन्हा वाट चुकतात. पोरांना वाटतं बाई विचार करतात. निकाल लागला तेव्हा बापूंनी गुणपत्रिका उलटसुलट करून पाहिली होती. "दोन राहिले? राहू दे," ते म्हणाले होते. "मेंढ्या तं पुऱ्या आल्या व्हत्या." सोयऱ्यांत, बाजारात, माझी ओळख करून देताना ते हेच सांगायचे. मी मान खाली घालायचे. लोकांना तो विनय वाटे. माझं सगळं शिक्षण दोन चुकलेल्या कोकरांवर उभं आहे हे मी त्यांना सांगू शकले नाही, आणि बापू तसेच गेले.

गेल्या दिवाळीत मी गावी होते. मोठीमायचे गुडघे पार गेले होते. ओसरीवर बाजेवर बसून ती सुपारी कातरत होती. कळप आता दादाचा मुलगा सांभाळतो. संध्याकाळ झाली, मेंढ्या आल्या, आणि मी तिच्या पायाशी बसून एकदाचं सांगून टाकलं. "मोठीमाय, त्या भोगीला माही दोन कोकरं चुकली व्हती."

"भुऱ्यांची," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"आठ दिस मी गंजीआड काय झोपून राहिले व्हते का? हिचं दूध तिच्या कोकराला चोळायचं, तिचं हिच्या कोकराला. वरून मीठ लावायचं, चाटवायचं. थोरली गुणाची, तीन दिसांत ऐकलं. धाकलीनं लाथा घातल्या मला. चोवीस बराबर येऊन राहिली व्हती तुही. दोनासाठी लेकरू घरी बसवायचं का?"

"पण तूच म्हणायचीस, मेंढी खोटं बोलत न्हाई."

"न्हाईच बोलत," ती म्हणाली. "शिकवावं लागतं."

मी हसले, मग हसता हसता रडले. डोक्याला मार बसलेल्या माणसाचं असं होतं, त्याला मोठीमाय सरावली होती. तिने मला सुपारीचं खांड दिलं. ते तोंडात टाकून मी म्हणाले, "बापूंना कळलं असतं तर?"

अडकित्ता थांबला. "मीठ तिसऱ्या दिसालाच सरलं व्हतं," ती म्हणाली. "घरातून आणावं तं तुही माय इचारणार. दुसऱ्या दिवशी पाहते तं गंजीआड दगडाखाली खडेमिठाचा पुडा ठेवलेला. मी कोणाला मागितला न्हवता."

वाडग्यातून कोकरं ओरडत होती. मोठीमायने पुन्हा सुपारी कातरायला घेतली.

"म्हणून तं तुहा बाप त्या भोगीला तसा पाठ करून उठला," ती म्हणाली. "हसू येऊन राहिलं व्हतं त्याला."